मधात जाऊ का?

मोटारहोमच्या मागे जीप जोडणं आणि सोडवणं हे दोन माणसांचं काम आहे. एकट्याने जमतं म्हणा, पण मुळात ते दोघांचं. एक माणूस गाडीत बसतो आणि दुसरा दोन गाड्यांच्या मधे उभा राहतो. आमच्याकडे मधला माणूस म्हणजे माझे वडील. त्या कामात त्यांचा उजवा पाय गेला. तो कोणाच्या चुकीने गेला याची जी हकिगत आमच्या नातेवाइकांना, वडिलांच्या रेल्वे यार्डातल्या दोस्तांना माहीत आहे, आणि जी ओक्लाहोमातल्या एका पोलिसाच्या वहीत लिहिलेली आहे, ती खोटी आहे. खरी हकिगत दोघांना माहीत होती. त्यातला एक आता नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आम्ही टेक्सासमध्ये, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला राहायचो. माझं काम रिफायनऱ्यांच्या शटडाउनचं. दर काही वर्षांनी प्रत्येक रिफायनरी दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. त्या पाच-सहा आठवड्यांत आत शिरायचं, टाक्या, पाइप आणि जोड तपासायचे, कुठे पत्रा पातळ झालाय ते सांगायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. मोटेलांच्या वासाला आणि त्यांच्या कॉफीला विटून मी एका म्हाताऱ्या जोडप्याकडून जुनी मोटारहोम विकत घेतली. बेड, शेगडी, संडास, सगळं आत. पण साइटवर रोज घर घेऊन कोण जाणार? म्हणून मागे आमची फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी. आम्ही तिला जीपच म्हणायचो. ट्रेलर नाही, काही नाही. मधे इंग्रजी ए अक्षरासारखा एक लोखंडी दांडा, त्याला दोन पिना, आणि जीप आपल्या चार चाकांवर मागे पळत यायची.

त्यातली एक गोष्ट सांगायला हवी. असल्या गाडीला नेहमीच्या गिअरशेजारी आणखी एक छोटा दांडा असतो. गाडी ओढत न्यायची तर तो N वर टाकायचा, म्हणजे चाकांचा आणि गिअरबॉक्सचा संबंध तुटतो आणि गिअरबॉक्स जळत नाही. मोटारहोम विकणाऱ्या म्हाताऱ्याने मला हे तीनदा बजावलं होतं. वर म्हणाला होता, "तो दांडा N वर असताना मोठा गिअर P वर, पार्किंगमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. तो P खोटा असतो. चाकं मोकळीच असतात. पिना काढायच्या आधी हातब्रेक ओढ." मी इंजिनिअर. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, हे काय सांगायला हवं?

आई गेल्यावर वडील सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. नागपूरला रेल्वेच्या यार्डात त्यांनी चौतीस वर्षं काढली, सगळी शंटिंगमध्ये. म्हणजे डबे जोडायचे, डबे सोडवायचे. दोन डब्यांच्या मधल्या जागेत शिरायचं, साखळी चढवायची, स्क्रू आवळायचा आणि वाकून बाहेर यायचं. उन्हात, पावसात, थंडीत. त्यातून त्यांनी मला इंजिनिअर केलं. शुगर लँडला मात्र त्यांना करायला काही नव्हतं. रस्त्यावर माणूस दिसायचं नाही. माझी बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर कामाला. बाबा गॅरेजचं दार वर करून खुर्ची टाकून बसायचे आणि जाणाऱ्या गाड्या बघायचे. मला ते बघवेना. पुढच्या शटडाउनला मी त्यांना बरोबर घेऊन गेलो.

पहिल्या दिवशी मी दांडा जोडत होतो तर ते आले, गुडघ्यावर बसले, पिनेवरून अंगठा फिरवून बघितला. म्हणाले, "हे तं आपलंच काम हाय. सरक." त्या दिवसापासून ते काम त्यांचं झालं. मी त्यांना इतकं खूश फार दिवसांत बघितलं नव्हतं.

पण त्यांची एक पद्धत होती. मधे शिरण्याआधी ते मोठ्याने विचारायचे, "मधात जाऊ का?" आणि गाडीत बसलेल्या माणसाने तितक्याच मोठ्याने उत्तर द्यायचं, "जा!" उत्तर आल्याशिवाय ते पाय पुढे टाकायचे नाहीत. त्यांच्या गँगचा हा कायदा होता. इंजिनवाल्याने ब्रेक लावायचा, हात बाजूला घ्यायचे आणि मगच 'जा' म्हणायचं. साहेब कितीही ओरडला तरी 'जा' ऐकल्याशिवाय कोणी मधे शिरत नसे. नव्या पोरांना ते पहिले दोन दिवस साखळीला हातसुद्धा लावू देत नसत, नुसतं रिकाम्या रुळांवर उभं करून ओरडायला लावत. न विचारता मधे गेलेली दोन माणसं त्यांनी स्वतः बाहेर काढली होती. त्याबद्दल ते कधी बोलत नसत.

मला त्या ओरडण्याची लाज वाटायची. मोटारहोम उभ्या करायच्या कॅम्पग्राउंडवर रिटायर झालेली गोरी जोडपी घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली असतात. नवा माणूस आला की तो गाडी कशी सोडवतो हे बघणं ही त्यांची करमणूक. त्यांच्यासमोर पांढरी टोपी घातलेला माझा बाप गळा काढून विचारणार, "मधात जाऊ का?" आणि मी ओरडून म्हणायचं, "जा!" हळू म्हटलं तर ते कानामागे हात धरून उभे राहायचे. एकदा लुइझियानात मी चिडलो.

"बाबा, मी समोर बसलोय. गाडी थांबलेली तुम्हाला दिसतेय. मग विचारायचं काय?"

"दिसणं वेगळं हाय," ते म्हणाले. "तू जा म्हटलं का मंग मी तुह्या हाती. तुले काय जाते एक शब्द म्हणाले?"

शब्द म्हणायला काही जात नव्हतं, म्हणून मी म्हणत राहिलो. आणि तिथेच माझं चुकत गेलं. पहिल्या काही वेळा मी खरोखर सगळं करून, हातब्रेक ओढून मग 'जा' म्हणायचो. नंतर ते तोंडात बसलं. फोनवर बायकोला आपण "हं, हं" म्हणतो तसं. त्यांनी विचारलं की माझ्या तोंडून 'जा' निघायचं, मग माझे हात कुठेही असोत.

ऑक्टोबरात ओक्लाहोमाचं काम आलं. पहाटे शुगर लँडहून निघालो. दुपारी तीनला साइटवर हजर व्हायचं होतं. वाटेत बाबा दोनदा म्हणाले, पेट्रोल पंपावर रस्ता विचारून घे. मी नाही विचारला. व्हायचं तेच झालं, हायवेवरून चुकीच्या एक्झिटला उतरलो आणि पुढे रस्ता एका कुंपणापाशी संपला. मागे जीप जोडलेली असताना मोटारहोम रिव्हर्स घेता येत नाही, दांडा वाकतो. म्हणजे जीप सोडवा, मोटारहोम वळवा, जीप पुन्हा जोडा. भर उन्हात पाऊण तास गेला. बाबा एक अक्षर बोलले नाहीत, याचाही मला राग आला. त्यांनी "मी सांगतलं होतं" म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

कॅम्पग्राउंड तळ्याच्या काठी होतं. आमची जागा पाण्याकडे तोंड करून, थोड्या उतारावर. इतका थोडा उतार की माणसाला चालताना कळू नये. मी मोटारहोम उभी केली, तिचा ब्रेक लावला आणि मागे जाऊन जीपमध्ये बसलो. आता इंजिन चालू करायचं, छोटा दांडा N वरून काढायचा, हातब्रेक ओढायचा आणि मग 'जा' म्हणायचं. इतकंच होतं. तेवढ्यात कमरेचा पेजर वाजला. साइटचा नंबर. पावणेतीन वाजले होते. मी पेजर काढून नंबर वाचत होतो आणि पेन शोधायला डॅशबोर्डचा खण उघडला होता.

समोरून आवाज आला, "मधात जाऊ का?"

"जा, जा!" मी म्हणालो.

पहिली पिन निघाल्याचं मला ऐकू आलं. दुसरी निघेना. त्यांनी तिच्यावर हातोडीचे दोन ठोके मारले आणि थांबले. बोनेटवरून त्यांची टोपी दिसत होती. "पिन टाइट हाय," ते म्हणाले. "वजन येऊन राहिलं तिच्यावर. ब्रेक हाय ना?"

हातब्रेक लावलेली गाडी पिनेवर वजन टाकत नाही, हे चौतीस वर्षं डबे जोडणाऱ्या माणसाला हाताने कळलं होतं. मी वर बघितलं. समोर काट्यावर P दिसला. हातब्रेककडे मी बघितलंच नाही. माझ्या डोक्यात तो नंबर, ते तीन वाजणं, तो चुकलेला एक्झिट आणि शेजारच्या जागेत खुर्च्या टाकून आमच्याकडे बघत बसलेले नवरा-बायको.

"आहे हो बाबा! किती वेळा विचाराल?"

त्यांनी आणखी एक ठोका मारला. पिन निघाली आणि जीप पुढे गेली. फार नाही, हातभर. जोरातही नाही. त्यांचा उजवा पाय जीपच्या आणि मोटारहोमच्या बंपरमध्ये सापडला.

त्यानंतरचं एक मिनिट मी कोणाला कधी सांगितलेलं नाही. मी ब्रेकवर पाय दाबला, पण आता दाबून काय होणार? मग इंजिन चालू केलं, गिअर रिव्हर्सला टाकला आणि अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन नुसतं ओरडलं. जीप जागची हलली नाही. छोटा दांडा अजून N वर होता. मी आणखी दाबलं. तो म्हातारा मला तीनदा सांगून गेला होता, मला सगळं पाठ होतं, आणि मी वेड्यासारखा पाय दाबत राहिलो. खुर्चीतला माणूस धावत आला, त्याच्यामागे आणखी दोघं. ते जीपला हात लावून मागे ढकलायला लागले. बाबांनी आरडाओरडा केला नाही. ते बंपर धरून उभे होते आणि काचेतून माझ्याकडे बघत होते.

"लोकायले ढकलू दे," ते म्हणाले. "मंग ब्रेक ओढ. घाई नको करू."

जीप मागे गेली. मी हातब्रेक ओढला. तेव्हा कुठे ते खाली बसले.

संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढला. संमतीच्या कागदावर सही मीच केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास एक पोलीस आला. तरुण होता, हॅट काढून हातात धरून उभा राहिला. नुसता रिपोर्ट लिहायचा आहे म्हणाला. मी रात्रभर ठरवलं होतं की सगळं खरं सांगायचं. निदान आज मला तसं आठवतं. पण त्याने आधी बाबांकडे बघितलं आणि मला म्हणाला, त्यांना विचारा, काय झालं?

बाबांना इंग्रजी समजायचं थोडं, बोलता यायचं नाही. "कसं झालं ते विचारतोय," मी म्हणालो.

ते छताकडे बघत होते. मग म्हणाले, "सांग त्याले, मी न विचारता मधात गेलो."

"बाबा..."

"सांग. तुह्या नागरिकत्वाचा अर्ज पडला हाय. पोलिसाच्या कागदावर तुह्या नावानं काही नको. सांग."

पोलीस थांबला होता. आणि मी सांगितलं. माझ्याच तोंडाने, नीट इंग्रजीत, एकही शब्द न चुकता. त्यांनी मला विचारलं नाही, ते न विचारता मधे शिरले. त्याने लिहून घेतलं, पेन खिशाला लावलं आणि म्हाताऱ्या माणसांचं असं होतं म्हणाला. माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला तसंच वाटलं.

एकदा सांगितल्यावर ते सगळीकडे तसंच सांगावं लागलं. बायकोला फोनवर तेच सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "या वयात त्यांना त्या कामाला हात लावू दिलासच कशाला?" एवढा दोष मात्र मी लगेच घेतला. तो घ्यायला सोपा होता.

दोन महिन्यांनी मी त्यांना नागपूरला पोचवायला गेलो. दुसऱ्याच दिवशी यार्डातले दोघंतिघं भेटायला आले. त्यातला एक बाबांच्या हाताखाली तयार झालेला, आता स्वतः रिटायरमेंटला आलेला. तो बाबांना भाऊ म्हणायचा. चहा झाला. कोणी विषय काढेना. शेवटी त्यानेच विचारलं.

"भाऊ, खरंच न विचारता गेले तुम्ही?"

"हो ना," बाबा हसून म्हणाले. "म्हातारा झालो."

तो हसला नाही. "एकदाही नाही विचारलं?"

"नाही."

त्या माणसाने बाबांच्या पायजम्याच्या रिकाम्या पायाकडे बघितलं. मग त्याने विषय बदलला, कोणाच्या मुलीच्या लग्नाचं काही बोलला. पण जाताना तो बाबांच्या पाया पडला नाही. येताना पडला होता. ते बाबांनीही बघितलं.

सगळे गेल्यावर माझा तोल सुटला. स्वतःचीच चूक असली की मला जास्त राग येतो. मी त्यांच्यावर ओरडलो, "कोणी सांगितलं होतं तुम्हाला हा मोठेपणा करायला? मी सांगतो त्यांना. उद्याच यार्डात जाऊन सांगतो."

ते खाटेवर बसून पायाचं बँडेज नीट करत होते. "आता कायले?" म्हणाले. बँडेजची गाठ मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी विचारलं होतं, बाबू. दोनदा विचारलं होतं."

पुन्हा आयुष्यात त्यांनी तो विषय काढला नाही. मी यार्डात गेलो नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या मुक्कामात नाही, आणि पुढच्या चार वर्षांत दोनदा नागपूरला गेलो तेव्हाही नाही. प्रत्येक वेळी कारण होतं. पहिल्या खेपेला त्यांना कृत्रिम पाय बसवायचा होता, दुसऱ्या खेपेला त्यांची तब्येत बरी नव्हती. नागरिकत्वाची शपथ मी त्याच दरम्यान घेतली. मोटारहोम विकली. जीपही विकली.

ते झोपेतच गेले. फोन आल्यावर मिळालं त्या विमानाने मी निघालो तरी अंत्यविधी चुकला. पुण्यानुमोदनाला, म्हणजे नंतरच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, मात्र होतो. वस्तीतल्या बुद्धविहारात सगळे पांढरे कपडे घालून जमले होते. पुढच्या रांगेत मला बसवलं. त्रिशरण, पंचशील झालं. खोटं न बोलण्याचं शील सगळ्यांनी म्हटलं, मीही म्हटलं. मग लोक बोलायला उठले. बाबांनी मला कसं शिकवलं, वस्तीतल्या किती पोरांच्या फिया भरल्या, असं एकेक जण सांगत होता.

शेवटी तो उठला, बाबांना भाऊ म्हणणारा. मागे यार्डात नव्याने लागलेली पाच-सहा पोरं उभी होती, त्यांना त्याने पुढे बोलावलं. म्हणाला, "मले भाऊनं शिकवलं. दोन दिवस नुसतं ओरडायला लावलं, तेव्हा मले राग आला होता. विचारल्याशिवाय मधात जायचं नाही. आयुष्यभर त्यायनं हेच शिकवलं. पण पोरांनो, ध्यानात ठेवा, एवढा मोठा माणूस, तोही एक दिवस विचाराले विसरला. त्याचा पाय गेला. त्याच्या लेकाच्या डोळ्यासमोर गेला." त्याने माझ्याकडे हात केला. "विचारा त्याले."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ती पोरंही बघत होती, मी काय सांगतो याची वाट बघत.

मी मान हलवली. हो म्हणून.